सहावी सही

माझी आई पडली नव्हती. तिचा पाय घसरला नव्हता, तिला भोवळ आली नव्हती, तिच्या गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. त्या सकाळी ती जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दारात बसून मेथी निवडत होती. आणि त्याच वेळी मी एका बाईला मेसेज पाठवला होता की आई पडली, उजवा गुडघा सुजलाय, मी येऊ शकत नाही.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना मी कुठल्यातरी चांगल्या कामाला हातभार लावला असं वाटेल, आणि थोडाफार लावलाही, पण सुरुवात ही अशी आहे.

ज्या बाईला तो मेसेज गेला तिनेच माझ्या आईला चालतं केलं होतं. आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली ती गुडघ्याचं ऑपरेशन करूनच. उजवा पाय वाकतच नव्हता. आमच्या ब्लॉकशेजारी, म्हणजे आमच्या इमारतीला लागून, ज्येष्ठांसाठी एक व्यायाम केंद्र आहे, तिथे ही चिनी बाई फिजिओथेरपिस्ट होती. वय माझ्याएवढंच, पन्नाशी उलटलेली. आईला इंग्रजी जेमतेम, तिला मराठी शून्य, तरी दोघींचं छान जमलं. ती मोठ्याने ‘अप, अप, आंटी’ म्हणायची आणि आई तिला तितक्याच मोठ्याने मराठीत शिव्या घालायची. काही महिन्यांत आई संध्याकाळी खाली उतरून ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारायला लागली. तिथे तिला एक तमिळ आणि एक पंजाबी मैत्रीण मिळाली. तिघी कुठल्या भाषेत बोलतात ते मला अजून कळलेलं नाही.

तर ही बाई एके दिवशी आईला भेटायला घरी आली आणि म्हणाली, मी नोकरी सोडतेय, निवडणुकीला उभी राहतेय. अपक्ष. इथे बरेच मतदारसंघ चार-पाच जागांच्या गटाचे असतात, आमचा एकाच जागेचा आहे. तिथे या वेळीही सत्ताधाऱ्यांसमोर दुसरं कोणी उभं राहायला तयार नव्हतं. म्हणजे बिनविरोध निवड, म्हणजे मतदानच नाही.

“तुम्ही निवडून याल असं वाटतं?” माझ्या बायकोने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “पण माझ्या पेशंटांपैकी कितीतरी जण मला म्हणाले, मरायच्या आधी एकदा मत द्यायचंय. व्यायाम करून घेतला, आता चालतात. चालत जायला कुठेतरी जागा पाहिजे ना.”

तिच्याकडे पैसे नव्हते. होते ते तिचे स्वतःचे, आणि त्यांतले बरेचसे अनामत रकमेत जाणार होते. पक्ष नव्हता, प्रचाराला लॉरी नव्हती. एक हातातला भोंगा होता, तोही कुठल्याशा शाळेच्या क्रीडाशिक्षकाने दिलेला. एका कंत्राटदाराने पोस्टर छापून देतो म्हणून निरोप पाठवला होता, तो तिने नाकारला, कारण त्याची आमच्याच भागात कामं चालू होती. आणि सगळ्यात अडचणीचं म्हणजे तिला सह्या मिळत नव्हत्या.

इथे निवडणुकीला उभं राहायचं तर अर्जावर त्याच मतदारसंघातल्या सहा मतदारांच्या सह्या लागतात. एक नाव सुचवणारा, एक अनुमोदक आणि आणखी चार पाठिंबा देणारे. नुसती सही करून भागत नाही. अर्ज भरण्याच्या ठरलेल्या दिवशी, सकाळी अकरा ते बारा या तासाभरात या सहाही जणांनी जातीने तिथे हजर राहायचं. वेळ टळली की अर्ज बाद. तिच्याकडे पाच जण होते. जुन्या पेशंटांना विचारलं असतं तर पन्नास मिळाले असते, पण तिने एकालाही विचारलं नाही. म्हणाली, “ज्याला मी चालायला शिकवलं तो मला नाही म्हणू शकणार नाही. मग ती सही त्याची कशी?”

मी तिथेच, चहाचा कप हातात धरून, म्हणालो, “मी येतो. मी पेशंट नाही, पेशंटचा मुलगा आहे.”

ती हसली. “नक्की? विचार करा. रात्रभर झोपा, मग सांगा.”

“नक्की,” मी म्हणालो.

ती गेल्यावर बायकोने कप उचलता उचलता विचारलं, “अरे, तुला कोणी विचारलं होतं का? माझ्या भावाचा इथे कायम राहायचा, पीआरचा, अर्ज सरकारकडे पडून आहे. तुझी कंपनी तुआसला सरकारी कामं घेते. उगाच कशाला?”

“काही होत नसतं,” मी म्हणालो. मला त्या दिवशी स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. आम्ही दोघं काही वर्षांपूर्वी इथले नागरिक झालो, पण मत द्यायची वेळ अजून आली नव्हती. आई तर रोज विचारायची, “तुमचं इथलं मतदान कधी रे?” पुण्यात ती दर निवडणुकीला सकाळी सकाळी इस्त्रीची साडी नेसून जाऊन यायची आणि दिवसभर बोटावरची शाई पाण्यापासून जपायची. आमच्या घरात आता मत देऊ न शकणारी ती एकटीच होती, आणि मताची काळजीही तिलाच.

अर्ज भरायचा दिवस उजाडला. मी निळा शर्ट घातला, ओळखपत्र घेतलं. आईच्या पाया पडलो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो. ज्या शाळेत अर्ज भरायचे होते ती तिसऱ्या स्टेशनजवळ होती.

गाडीत मला एक गोष्ट आठवली, जी मी आदल्या रात्री कुठेतरी वाचली होती. भरलेले अर्ज सगळ्यांना बघता यावेत म्हणून बाहेर फलकावर लावतात. म्हणजे त्यावर माझं नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरांत. कोणीतरी त्याचा फोटो काढणार. तो फोटो मराठी लोकांच्या ग्रुपवर येणार. मग कोणीतरी हसरा चेहरा टाकणार आणि विचारणार, काय साहेब, राजकारणात का? मग तो फोटो आणखी कुठेकुठे जाणार. मेव्हण्याचा अर्ज बघणारा कोणी अधिकारी असेल. आमच्या कंपनीचा साहेब असेल. मी त्या अधिकाऱ्याचा चेहराही कल्पनेत रंगवला. चष्मा होता त्याला.

मला कोणी धमकी दिली नव्हती. कोणी साधं ‘सांभाळून’ असंही म्हटलं नव्हतं. एवढ्या वर्षांत या देशाने माझं कधी काही वाईट केलं नव्हतं. पण आम्हा लोकांत एक सवय असते. नागरिकत्व मिळालं तरी पाहुण्यासारखं सोफ्याच्या कडेवर बसायचं. मी इतकी वर्षं असाच बसलो होतो, आणि मला वाटत होतं की यालाच चांगलं वागणं म्हणतात.

तिसरं स्टेशन आलं. दरवाजे उघडले, मिटले. मी बसून राहिलो.

तो मेसेज मी त्यानंतर लिहिला. आईच्या पाया पडून निघालो होतो, आणि त्याच पायाबद्दल लिहिलं. दुसरं काही कारण सुचलंच नाही असं म्हणत नाही. मला ताप आलाय असंही लिहिता आलं असतं. पण तिला आईबद्दल माया आहे, ती पुढे काही विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून आई.

उत्तर लगेच आलं. “त्यांच्याजवळ थांबा. बर्फ लावा, शेक नको. जिना चढू देऊ नका. इकडची काळजी करू नका. इथलं झालं की मी येते.”

मी फोन बंद केला. गाडी बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मी उतरून बसने ईस्ट कोस्टला गेलो आणि समुद्राकडे तोंड करून एका बाकावर बसलो. आठवड्याच्या मधला दिवस, गर्दी नव्हती. दोन म्हातारे सायकली टेकवून नारळपाणी पीत होते. दूर जहाजं उभी होती. ती हलतायत की नाहीत ते कळत नव्हतं. मी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. बारा वाजून गेल्यावर हिय्या करून फोन सुरू केला आणि बातम्या उघडल्या. आमच्या मतदारसंघापुढे दोन नावं होती. सत्ताधारी उमेदवाराचं आणि तिचं.

इतका मोकळा श्वास मी कित्येक वर्षांत घेतला नसेल. मला रडू आलं. सुटलो, असं वाटलं. तिला कोणीतरी सहावा मिळाला होता. माझ्या पळण्याने तिचं काही बिघडलं नव्हतं. उरलं होतं ते एक छोटंसं खोटं, आणि ते मी निस्तरू शकत होतो, असं मी त्या बाकावर बसून ठरवलं.

घरी आलो. आई मेथीच्या काड्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“आलास? आणि ती कुठाय? तुझ्याच कामाला गेली ना?”

“कोण?”

“तुझी बायको. अकरा वाजून गेल्यावर कुणाचा तरी फोन आला. ती म्हणाली, आई ठीक आहेत. मग माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, किती कमी आहेत? आणि तशीच उठून, घरच्या ड्रेसवर ओढणी घेऊन, टॅक्सीने गेली. मी म्हटलं गॅसवर आमटी आहे, तर म्हणाली तुम्ही बघा.”

मी खाली बसलो. बायकोचं नाव याच मतदारसंघाच्या यादीत होतं, माझ्या नावाच्या खालीच. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. जिला मी इतके दिवस भित्री म्हणत होतो तिने सहावी सही केली होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बायकोचा आवाज अगदी शांत होता. “आम्ही खाली लिफ्टपाशी आहोत. ती सोबत आलीय. आईंचा गुडघा बघायचाय म्हणते. आई पडल्यात ना.”

त्या वेळी तरी मी खरं बोलायला हवं होतं. लिफ्ट सहाव्या मजल्यावर येईपर्यंतचा वेळ माझ्या हातात होता. त्या वेळात मी माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला म्हणालो, “आई, तू पडलीस असं मी सांगितलंय. झोप पटकन.”

तिने माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. मेथीचा कागद बाजूला ठेवला, उठली, आत जाऊन पलंगावर आडवी झाली आणि पायावर चादर ओढून घेतली. मुलगा म्हणाला म्हणून.

ती बाई आत आली तेव्हा घामाने भिजलेली होती. शर्टावर उमेदवाराची फीत तशीच होती. तिने हात धुतले, पलंगाच्या कडेला बसली आणि आईच्या उजव्या गुडघ्यावर बोटं ठेवली. माझ्या मेसेजमध्ये उजवा होता. पण आईला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्या बाईने उजवा गुडघा दाबला, वाकवला, पुन्हा दाबला. आई छताकडे बघत राहिली. मग तिने सहज डाव्याला हात लावला.

“आई गं,” आई म्हणाली. आणि पुरेसं झालं नसेल असं वाटून पुन्हा एकदा म्हणाली, “आई गं, आई गं.”

दारात उभ्या असलेल्या बायकोने मान खाली घातली. ती बाई क्षणभर थांबली. मग चादर नीट केली, आईच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “फार काही नाही, आंटी. विश्रांती घ्या.” माझ्याकडे वळून म्हणाली, “काळजी नको. बरा होईल.” पाणी पिऊन गेली.

दार लागल्यावर बायको सोफ्यावर बसली.

“कुठे होतास?”

“ईस्ट कोस्टला.”

“छान. हवा कशी होती?”

 मी म्हणालो, “तुझ्या भावाचा विचार आला. त्याच्या अर्जाचं काही झालं असतं तर तूच मला—”

“त्याने तो अर्ज मागे घेतलाय. मेलबर्नला नोकरी घेतलीय त्याने. महिना झाला. तुला मी जेवताना सांगितलं होतं, तू हं म्हणालास.”

आतून आईचा आवाज आला. “मी उठू का आता?”

मी हसलो, बायकोही हसली, आणि मग ती हसता हसता थांबून म्हणाली, “मी तुझ्यासाठी एकदा खोटं बोलले. आई ठीक आहेत, हा त्यांच्याजवळ बसलाय, असं सांगितलं. परत नाही बोलणार. तिला तू सांगायचंस. माझ्या तोंडून तिला काही कळणार नाही.”

सांगतो म्हणालो. आणि पुढे प्रचाराचे सगळे दिवस सांगितलं नाही.

त्या दिवसांत मी काम मात्र खूप केलं. अर्ध्या दिवसाच्या रजा टाकल्या, संध्याकाळी उशिरापर्यंत तिच्याबरोबर मजले चढलो-उतरलो. आमच्याकडे पत्रकं थोडी होती, म्हणून ती प्रत्येक दारी हातात न देता वाचून दाखवायची आणि परत घ्यायची. कोणी विचारलं, तुम्ही निवडून आलात तर बसस्टॉपपर्यंत छप्पर होईल का, की ती म्हणायची, “मला माहीत नाही. मी विचारीन आणि उत्तर तुम्हाला येऊन सांगीन.” आमच्यातला एक निवृत्त बसचालक कपाळाला हात लावून इथल्या ढंगात म्हणायचा, “मॅडम, एकदा तरी हो म्हणा ना, लाह.” ती म्हणायची, “हो म्हटलं तर मग ते करावं लागतं.” या बाईबरोबर मी दारोदार फिरत होतो, आणि ती दर संध्याकाळी, लिफ्टची वाट बघताना, सरळ चेहऱ्याने मला विचारायची, “आंटीचा गुडघा?”

“बरा आहे,” मी म्हणायचो. दर वेळी ते एक नवीन खोटं होतं.

एकदा मी मुख्य रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी पोस्टर बांधत शिडीवर उभा होतो तेव्हा सिग्नलला आमच्या साहेबांची गाडी थांबली. त्यांनी काच खाली करून वर बघितलं. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं.  चष्मेवाला अधिकारी मला पुन्हा दिसायला लागला.

“काल तुम्ही पांढरे केबल टाय वापरत होता,” साहेब म्हणाले. “ते उन्हात तडकतात. काळे घ्या. आणि आपल्या स्टोअरमधून नको, दुकानातून घ्या.”

एवढंच. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि स्वतःलाच हसलो. इतक्या वर्षांची भीती, आणि तिच्या पोटातून निघाले काय, तर काळे केबल टाय.

पण घरी गेलो की हसू मावळायचं. कारण आई घरात होती. पडलेली बाई दुसऱ्या दिवशी फेऱ्या मारताना दिसली तर मुलगा खोटा ठरेल, म्हणून तिने खाली जाणं बंद केलं होतं. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं. उमेदवार बाई आमच्या ब्लॉकखालून कधी जाईल याचा नेम नव्हता. संध्याकाळी आई खिडकीत उभी राहून खाली बघायची. तिच्या मैत्रिणी वर बघून हात करायच्या, ती गुडघ्याकडे बोट दाखवायची. एकदा पंजाबी आजी तिला बघायला वर आल्या, तर आईला पुन्हा चादर ओढून झोपावं लागलं.

“आई, तू जा ना खाली,” मी म्हणालो.

“राहू दे. तुझं मतदान होऊन जाऊ दे.” मग थोड्या वेळाने, “दुखणं नसताना कण्हू नये रे. उगाच वाटतं, खरंच दुखायला लागेल.”

तिने त्या दिवसांत कार्यकर्त्यांसाठी चकल्याही केल्या. मी डबा नेला. त्या बाईने झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि झाकण लावलं. “आंटी व्हिजिट पासवर आहेत ना? परदेशी माणसाने प्रचारात काही करायचं नाही असा नियम आहे. चकली म्हणजे प्रचार नाही, ते मला कळतं. पण कोणी बोट दाखवलं तर त्रास त्यांना होईल. मतदान झालं की खाईन, सांगा त्यांना.” डबा घरी परत आला. आईने तो वरच्या फळीवर ठेवला.

मतदानाच्या दिवशी मी आणि बायको सकाळीच गेलो. शाळेचा हॉल, शांत रांग, व्हीलचेअरवरचे आजोबा, तिचे कितीतरी जुने पेशंट, काठ्या टेकत, एकमेकांना ओळखून मान हलवत. मी पडद्याआड उभा राहिलो, खूण केली, कागदाची घडी घातली. बाहेर येऊन बायको म्हणाली, “झालं? एवढंच होतं?” आणि तिचे डोळे भरून आले. घरी आल्यावर आईने आधी आमची बोटं बघितली. इथे शाई लावत नाहीत म्हटल्यावर तिला ते मतदान थोडं कच्चंच वाटलं.

ती हरली. हरणारच होती. पण मतं तिने धरली होती त्यापेक्षा बरीच जास्त पडली, आणि अनामत रक्कम परत मिळाली. निकाल कळला तेव्हा आम्ही कॉफीशॉपमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर होतो. बसचालक जिंकल्यासारखा ओरडला. ती नुसती खुर्चीत मागे टेकून बसली, बूट काढले आणि म्हणाली, “चला. आता झोप.”

दुसऱ्या दिवशी पोस्टर उतरवायचे होते. तेही मुदतीत उतरवावे लागतात. आईने सकाळीच चकल्यांचा डबा माझ्या हातात दिला. “आता तरी खाईल ना?”

आम्ही दोघंच होतो. मी शिडीवर, ती खाली शिडी धरून. काळे टाय इतके पक्के बसले होते की कापता कापता हात दुखले. शेवटच्या खांबापाशी ती फुटपाथच्या कठड्यावर बसली आणि तिने डबा उघडला. एक चकली तोडून तोंडात टाकली. तिने दुसरी उचलली तेव्हा मी शिडीवरून खाली उतरलो आणि बोललो.

“आई पडली नव्हती.”

ती चावत राहिली.

“मी स्टेशनवर उतरलोच नाही. घाबरलो. कोणाला ते मला आजही सांगता येणार नाही. तुम्हाला शब्द दिला होता, आणि तुम्हाला एक माणूस कमी पडणार हे ठाऊक असून मी पुढे गेलो. वरून आईचं नाव घेतलं. मला माफ करा.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही उजवा लिहिलं होतं. त्यांनी डाव्याला आरडाओरडा केला. मी तीस वर्षं गुडघे दाबतेय.”

“मग रोज विचारत का होता?”

“तुम्ही सांगाल म्हणून. एक रात्र मला तुमचा फार राग आला होता. नंतर वेळ मिळाला नाही.” तिने हात झटकले. “आणि मीही घाबरले होते. त्या सकाळी शाळेच्या फाटकाशी उभं राहून मला वाटलं होतं, नाही जमलं तर बरं, घरी जाता येईल. मग तुमची बायको टॅक्सीतून उतरली. ओढणी दारात अडकलेली. आता पळायची सोय राहिली नाही, म्हटलं.”

आम्ही दोघं हसलो. माझ्या छातीवरचं ओझं खरोखरच उतरलं, इतकं की मला शिडीला हात टेकावा लागला. तिने डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, “आंटी खाली का येत नाहीत? मी रोज बघायची. त्यांच्या मैत्रिणी दोघीच असायच्या.”

मी सांगितलं.

तिचं हसू गेलं. पूर्ण प्रचारात मी तिला रागावलेलं पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. “इतके दिवस? पाय कडक होतात. त्या पायासाठी त्यांनी किती सोसलंय ते तुम्ही बघितलंय.” मग म्हणाली, “माझी माफी मागितली, ठीक आहे. त्यांची मागितली?”

मी दिवसातून कितीतरी वेळा सॉरी म्हणतो. एमआरटीत, ऑफिसात, लिफ्टमध्ये. त्या बाईची माफीही मी इंग्रजीतच मागितली होती. पण आईला मी आयुष्यात कधी तसं काही म्हटलेलं आठवत नव्हतं. आमच्याकडे आईची माफी मागत नाहीत. तिच्या हातचं दोन घास जास्त खातात, किंवा तिचा चष्मा दुरुस्त करून आणतात, आणि तिने ते समजून घ्यायचं असतं.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई खिडकीशी उभी होती. खाली तिच्या मैत्रिणी दिसत होत्या.

“खाल्ल्या का तिने?”

“खाल्ल्या. उरलेल्या घेऊन गेली.”

“मग? सांगितलंस?”

“सांगितलं. तिला आधीच कळलं होतं. तू चुकीच्या गुडघ्याला ओरडलीस.”

आई जरा ओशाळली. “मला काय माहीत तू कुठला लिहिलास.”

मी दाराशी जाऊन तिच्या फिरायच्या चपला आणल्या आणि तिला खुर्चीत बसवलं. ती म्हणाली, मी घालीन. मी खाली बसलो आणि आधी उजव्या, मग डाव्या पायात चप्पल घातली. गुडघा जरा आखडलेला होता. माझ्या हाताला ते कळलं.

“आई,” मी म्हणालो, “माझं चुकलं. धडधाकट माणसाला मी झोपायला लावलं, तुला घरात कोंडून ठेवलं, आणि तू एकदाही विचारलं नाहीस म्हणून मीही सांगितलं नाही. मी भ्यालो होतो, आणि ते तुझ्या पायावर ढकललं. मला माफ कर.”